पानामागे किती समुद्र? देवमासे आणि डॉल्फिन यांच्या संशोधनासाठीच्या छोट्या अनुदानांचे परीक्षण

देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखेच, पण बहुधा लहान सागरी सस्तन प्राणी) यांचा प्रत्यक्ष समुद्रावर अभ्यास करण्यासाठी काही शे डॉलरपासून साधारण दहा हजार डॉलरपर्यंतची जी अनुदाने दिली जातात, त्यांचे परीक्षण मी येथे एक सेवा म्हणून करणार आहे. देणाऱ्या संस्था या रकमेकडे मदत म्हणून पाहतात आणि घेणारे तिच्याकडे उपकार म्हणून पाहतात. त्यामुळे ही सेवा चांगली आहे की वाईट, याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. मी असे अर्ज अनेक वर्षे केले आहेत. त्यांतले थोडे मंजूर झाले, पुष्कळ नामंजूर झाले, आणि अलीकडे इतरांचे अर्ज वाचून अभिप्राय देण्याचे कामही अधूनमधून माझ्याकडे येते. म्हणून माझे मत अलिप्त नाही, परंतु मागणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या अशा दोन्ही भूमिकांतून बनलेले आहे.

मोजण्यासाठी मी एकच माप वापरतो. अर्ज, अंदाजपत्रक, शिफारसपत्रे, पावत्यांची जुळणी, मधला अहवाल आणि शेवटचा अहवाल मिळून जेवढी पाने लिहावी लागतात, त्यांच्या बदल्यात समुद्रावर किती दिवस मिळाले, हे ते माप होय. पाच हजार डॉलर देऊन साठ पाने लिहून घेणाऱ्या संस्थेपेक्षा हजार डॉलर देऊन सहा पाने मागणारी संस्था माझ्या हिशेबी सरस ठरते. हे माप काहींना उथळ वाटेल, कारण त्यात संशोधनाच्या गुणवत्तेचा उल्लेखच नाही. पण या प्राण्यांच्या बाबतीत गुणवत्तेचा मोठा भाग पाण्यावर किती वेळ काढला यावरच ठरतो. त्यांचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते आणि श्वासापुरती पाठ वर आली, तर तेवढेच आपल्या वाट्याला येते. क्युव्हिएच्या चोचवाल्या देवमाशाची एक बुडी तर २२२ मिनिटांची नोंदली गेली आहे. पावणेचार तास वर न येणाऱ्या प्राण्याची गाठ पडायची असेल, तर तो वर येईल तेव्हा तिथे असणे याला पर्याय नाही, आणि तिथे असण्याला इंधन लागते.

छोट्या अनुदानातून समुद्रावरचा एक दिवस विकत घेतला जातो म्हणजे नेमके काय होते, हे अनुदान देणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. होडीचे भाडे, इंधन, तांडेल आणि एक खलाशी यांची मजुरी, पाणी आणि शिधा, सुरक्षा जाकिटे, आणि खाऱ्या पाण्याने दरवर्षी खराब होणाऱ्या दोन-तीन वस्तू, असा तो हिशेब असतो. त्यात वाऱ्याचा हिशेब मांडलेला नसतो. वाऱ्याचा जोर शून्यापासून चढत्या आकड्यांत सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर वारा ३ च्या वर गेला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस इतका वाढतो की त्यात पाठीवरचा पर दिसणे कठीण होते. पॉरपॉइजसारख्या लहान आणि लाजाळू प्राण्यांची मोजणी तर २ च्या वर विश्वासार्ह राहत नाही. परिणामी तीस दिवसांचा हंगाम ठरवला तर त्यातले बारा-पंधरा दिवस किनाऱ्यावर बसून जातात, पण तांडेलाला शब्द दिलेला असतो आणि खोलीचे भाडे चालूच असते. माझ्या अनुभवात ज्या संस्थांनी अंदाजपत्रकात ‘वाऱ्यामुळे वाया जाणारे दिवस’ ही ओळ निमूटपणे मान्य केली, त्यांच्याकडे कधी ना कधी समुद्रावर गेलेले कोणीतरी असावे, असा माझा तर्क आहे. इतरांनी ती ओळ खोडून परत पाठवली, आणि मग आम्ही तेच दिवस ‘साहित्याची देखभाल’ या नावाखाली दाखवले. हे लिहिताना मला अभिमान वाटत नाही, पण असे घडते.

तरीही छोटी रक्कम आणि हे शास्त्र यांचा मेळ चांगला बसतो आणि त्यामागे एक कारण आहे. या क्षेत्रातील सर्वांत टिकाऊ पद्धत स्वस्त आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्कांची (किलर व्हेलची) छायाचित्रे घेऊन दाखवले की पाठीवरच्या पराच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग यांवरून प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता येतो. त्याच सुमारास रॉजर पेन अर्जेंटिनाच्या व्हाल्डेस द्वीपकल्पापाशी राइट व्हेलच्या डोक्यावरील खरबरीत गाठींच्या रचनेवरून तेच करत होते. हंपबॅक देवमाशाच्या बाबतीत शेपटीच्या खालच्या बाजूचा काळा-पांढरा नकाशा हीच त्याची ओळख ठरते. फ्लोरिडातील सारासोटा उपसागरात १९७० मध्ये सुरू झालेला बॉटलनोज डॉल्फिनांचा अभ्यास आजही चालू आहे. या पद्धतीला लागते काय, तर लांब पल्ल्याचे भिंग असलेला कॅमेरा, जीपीएस, नोंदवही, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याचा चिवटपणा. यातील पहिल्या तीन गोष्टी छोट्या अनुदानात बसतात. चौथीचा प्रश्न पुढे येणारच आहे.

ओमानच्या किनाऱ्यावरील हंपबॅक देवमाशांचे उदाहरण मला यासाठी नेहमी आठवते. जगातील इतर हंपबॅक ध्रुवाकडील थंड पाण्यात चरायला आणि उष्ण पाण्यात वीण करायला असे हजारो किलोमीटर जातात. अरबी समुद्रातील हे प्राणी मात्र स्थलांतर न करता वर्षभर तिथेच राहतात. २००० ते २००४ या काळात लहान होड्यांतून घेतलेल्या शेपट्यांच्या छायाचित्रांवरून तेथील प्राण्यांची संख्या अंदाजे ८२ निघाली. इतका लहान आणि इतका वेगळा गट जगासमोर आणण्यासाठी मोठे संशोधन जहाज लागले नाही. अनुदान समितीतील एखादा सदस्य ‘एवढ्याशा पैशात काय होणार’ असे विचारतो, तेव्हा त्याला हा आकडा सांगावा.

आता संस्थांकडे वळतो. सोसायटी फॉर मरीन मॅमॉलॉजी ही सागरी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या सदस्यांसाठी छोटी संशोधन-साहाय्ये चालवते आणि तिच्याच मार्फत एमिली शेन पुरस्कार दिला जातो, ज्यात मुक्त वावरणाऱ्या प्राण्यांना इजा न करता केलेल्या क्षेत्रकामासाठी १०,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. या पुरस्काराची सर्वांत चांगली बाब म्हणजे अर्ज वाचणारे लोक विषयातले असतात. डॉल्फिनला हात न लावता काय काय करता येते, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी सिटेशियन सोसायटी इंटरनॅशनल (सिटेशियन म्हणजे देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांचा प्राणिगट) याहून लहान रकमा देते, आणि लहान रकमेची जी खरी जागा आहे, म्हणजे एका दुरुस्त इंजिनाची, एका महिन्याच्या इंधनाची किंवा शाळांमध्ये वाटायच्या चित्रपत्रकांची, ती ओळखून देते. मोहम्मद बिन झायेद स्पीशीज कॉन्झर्व्हेशन फंड एका विशिष्ट प्रजातीवर केंद्रित कामाला २५,००० डॉलरपर्यंत देतो, म्हणजे तो या परीक्षणाच्या मर्यादेच्या वर जाऊ शकतो. कॉन्झर्व्हेशन लीडरशिप प्रोग्राम कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या चमूंना पैसा आणि प्रशिक्षण दोन्ही देतो. एकट्याने काम करणाऱ्याला तिथे जागा नाही.

रफर्ड फाउंडेशनबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. विकसनशील देशांतील निसर्गसंवर्धनाला पैसे देणाऱ्या या संस्थेची रचना पायऱ्यांची आहे : पहिले छोटे अनुदान, ते नीट पार पडले तर दुसरे, आणि त्यानंतर वाढत्या रकमेचे पुढचे टप्पे. प्रत्येक प्रकल्पाची माहिती आणि शेवटचा अहवाल सर्वांना वाचण्यासाठी खुला ठेवला जातो. वरवर पाहता ही केवळ कार्यालयीन शिस्त आहे, परंतु पहिल्याच वेळी अर्ज करणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो, कारण आपल्यासारख्याच प्रजातीवर आपल्यासारख्याच होडीतून काम करणाऱ्या कोणीतरी काय मागितले आणि त्यातले काय साधले, हे त्याला वाचता येते. दीर्घायुषी प्राण्यांच्या अभ्यासाला टप्प्याटप्प्याने वाढणारे अनुदान जेवढे मानवते, तेवढे एकरकमी मोठे अनुदान मानवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा लहान सिटेशियन्ससाठीचा निधी वेगळ्या जातीचा आहे. डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांच्या व्यवस्थापनाचा अधिकार आयोगाला आहे की नाही, यावर सदस्य देशांचे आजही एकमत नाही. या निधीत मात्र देश आणि संस्था स्वेच्छेने पैसे घालतात आणि तज्ज्ञ समितीच्या छाननीतून ते संकटग्रस्त प्रजातींच्या कामाला जातात. ऐच्छिक देणग्यांवर चालणाऱ्या निधीचा जो स्वाभाविक दोष असतो तो इथेही आहे : पेटीत किती जमेल हे देणाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून असते, आणि एका हंगामाच्या भरवशावर दुसऱ्याची आखणी करता येत नाही.

आयडिया वाइल्ड ही संस्था रोख रकमेऐवजी थेट साहित्य देते. पहिल्यांदा ऐकल्यावर मला हे कमी प्रतीचे वाटले होते. आता मला ते शहाणपणाचे वाटते. दुर्बीण, कॅमेरा किंवा जीपीएस दिला की चलन-विनिमयात तूट येत नाही, मधल्या बँकांचे शुल्क कापले जात नाही, आणि वस्तू पुढच्या हंगामातही हाताशी राहते. अडचण एवढीच की आमच्या कामात वस्तूंचे आयुष्य समुद्र ठरवतो. मागे एकदा आम्ही दातवाल्या देवमाशांच्या (डॉल्फिन आणि पॉरपॉइजही त्यांतच येतात) टिकटिकाटाची नोंद करणारे एक यंत्र तळाशी नांगरून ठेवले होते. अशी यंत्रे महिनोन्‌महिने पाण्याखाली राहून डॉल्फिन आणि पॉरपॉइज केव्हा आले आणि केव्हा गेले ते नोंदवतात, रात्री आणि वादळातही, म्हणून एक यंत्र अनेक माणसांच्या फेऱ्यांचे काम करते. आम्ही चार महिन्यांनी ते काढायला गेलो तेव्हा दोर कापलेला होता. बहुधा एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्याबरोबर यंत्र गेले असावे. त्या प्रकल्पाला दोन संस्थांचे पैसे होते. एकीने उत्तर दिले की घडले ते अहवालात लिहा आणि उरलेल्या रकमेतून होडीवरची पाहणी वाढवा. दुसरीने पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणि विम्याची कागदपत्रे मागितली. समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या यंत्राचा विमा कोणती कंपनी उतरवते, हे मी अजूनही शोधतो आहे.

या सेवेतील सर्वांत मोठा दोष कोणता असे विचारले, तर मी रकमेच्या आकाराआधी वेळेचे नाव घेईन. अर्जाची मुदत, छाननी, निवड, करार, बँकेची पडताळणी आणि पहिला हप्ता या साखळीला सहज आठ-नऊ महिने लागतात, आणि देवमासे मात्र आपल्या हंगामाप्रमाणे येऊन जातात. एका संस्थेने आमचे अनुदान मंजूर केल्याचे पत्र हंगामाच्या दोन महिने आधी पाठवले आणि रक्कम हंगाम संपल्यावर तीन आठवड्यांनी जमा केली. मधल्या काळात आम्ही उसनवारीवर पाहणी केली, आणि मग कराराच्या प्रारंभ-तारखेआधीच्या पावत्या त्यांच्या लेखापालांनी अमान्य केल्या. नियमाने ते बरोबरच होते. पण ज्या सेवेचे सारे मोल एका हंगामात आहे, तिच्या नियमांत हंगाम हा शब्दच नसावा, हे विचित्र आहे. हप्त्यांची पद्धतही तशीच : चाळीस टक्के आधी, चाळीस टक्के मधल्या अहवालानंतर आणि वीस टक्के शेवटी ही विभागणी कार्यालयातल्या कामासाठी ठीक आहे, परंतु होडीचे सारे पैसे पहिल्या सहा आठवड्यांतच लागतात. लहान रकमेत हप्ते पाडणे म्हणजे अविश्वासाचा खर्च संशोधकाच्या अंगावर टाकणे होय.

अर्जाचे नमुने गेल्या काही वर्षांत लांबत चालले आहेत. ‘अपेक्षित परिणाम’, ‘परिणामांचे मोजमाप’, ‘जोखीम आणि तिचे निवारण’, ‘प्रकल्पानंतरची शाश्वतता’ असे रकाने मोठ्या विकास-प्रकल्पांकडून उचलून दोन हजार डॉलरच्या मागणीला लावले जातात. जोखमीच्या रकान्यात मी एकदा ‘वारा’ एवढेच लिहिले होते. तो अर्ज मंजूर झाला, म्हणजे वाचणारा समंजस होता. उलट, छाननी करताना मला अर्जदारांचा जो दोष वारंवार दिसतो तो अतिरेकी आश्वासनांचा आहे. बारा दिवसांच्या पाहणीत प्रजातीची एकूण संख्या, अधिवासाचा नकाशा, जनुकीय रचना आणि मच्छीमारांचे प्रबोधन या चारही गोष्टी साधण्याचे वचन दिलेले असते. खुणा ओळखून पुन्हा भेटण्याच्या पद्धतीने संख्येचा अंदाज काढायचा, तर तेच प्राणी वेगवेगळ्या फेऱ्यांत पुरेशा वेळा भेटावे लागतात. पहिल्या हंगामात ओळखीच्या प्राण्यांची यादी होते, अंदाज होत नाही. दर नव्या दिवशी नवेच प्राणी सापडत असतील, तर यादी अजून पूर्णतेच्या जवळही आलेली नाही, एवढेच त्यातून कळते. ‘संख्येचा अंदाज’ हे शब्द दिसले की मी आधी अंदाजपत्रकातील फेऱ्यांची संख्या पाहतो, आणि बहुतेक वेळा पुढचे वाचण्याची गरज उरत नाही. पण या अतिशयोक्तीला शिकवणी अर्जाच्या नमुन्यांचीच असते; ‘या वर्षी फक्त यादी करू’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा स्पर्धेत मागे पडतो.

माणसांच्या वेळेचा खर्च बहुतेक छोट्या अनुदानांत एक तर मान्यच नसतो किंवा अगदी थोडा मान्य असतो. इंधन चालते, मजुरी चालते, पण संशोधकाचे मानधन चालत नाही. समुद्रावरच्या एका दिवसात शेकडो, कधी हजाराच्या वर छायाचित्रे निघतात. ती निवडणे, प्रतवारी लावणे, प्रत्येक पर यादीशी ताडून पाहणे आणि दुसऱ्या माणसाकडून ते तपासून घेणे यात त्या एका दिवसामागे किनाऱ्यावरचे कित्येक दिवस जातात. हंपबॅकच्या शेपट्या जुळवण्यासाठी हॅपीव्हेलसारखी संगणकीय साधने आली आहेत आणि आवाजाच्या विश्लेषणासाठी पॅमगार्ड ही आज्ञावली विनामूल्य मिळते, त्यामुळे ओझे हलके झाले आहे, पण संपलेले नाही. हे काम बिनपगारी करू शकणारेच या क्षेत्रात टिकतात, म्हणजे घरची सोय असणारे टिकतात. अनुदान देणाऱ्यांना हे सांगितले की ते मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी तोच नमुना पाठवतात.

आता त्या चौथ्या गोष्टीचा प्रश्न, त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याच्या चिवटपणाचा. हे प्राणी उशिरा वयात येतात, बहुतेकांना दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू होते आणि कित्येक दशके जगतात. त्यांच्या संख्येतील घट एका वर्षात दिसत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अमेरिकेच्या जलक्षेत्रातील तेव्हाच्या पाहण्यांच्या आधारे असे तपासले गेले की पंधरा वर्षांत एखाद्या गटाची संख्या निम्म्यावर आली, तर ती घट आपल्या लक्षात येईल का. मोठ्या देवमाशांच्या बाबतीत अशा ७२ टक्के घसरणी निसटतील, डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांच्या बाबतीत ७८ टक्के, आणि चोचवाल्या देवमाशांच्या बाबतीत ९० टक्के, असे उत्तर आले. जहाजे, विमाने आणि सरकारी निधी हाताशी असलेल्या देशातील ही स्थिती असेल, तर बारा महिन्यांच्या, पुन्हा मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या अनुदानातून काय दिसणार? या सेवेची मर्यादा मला येथे सर्वांत स्पष्ट दिसते. छोटे अनुदान काम सुरू करून देण्यात उत्तम आहे, पाचव्या वर्षी ते चालू ठेवण्यात मध्यम आहे, आणि दहाव्या वर्षी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ‘यात नवीन काय’ हा प्रश्न तेव्हा विचारला जातो आणि त्याचे खरे उत्तर ‘काहीच नाही, तेच पुन्हा’ असे असते. त्याच उत्तरात सगळे मोल आहे, पण त्याला गुण मिळत नाहीत.

कुठे छोटी रक्कम सर्वाधिक फळते, असे कोणी विचारले तर मी मच्छीमारांच्या मुलाखतींचे नाव सांगेन. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या मृत्यूचे आजचे सर्वांत मोठे कारण मासेमारीच्या जाळ्यात अडकणे हे आहे. जगभरात दरवर्षी ३,००,००० पेक्षा अधिक प्राणी असे मरतात, असा अंदाज वर्षानुवर्षे मांडला जातो. अडकलेला प्राणी बहुधा तिथेच सोडून दिला जातो, म्हणून त्याची नोंद फक्त जाळे ओढणाऱ्याच्या आठवणीत असते. बंदरोबंदरी फिरून, चित्रपत्रके दाखवून, शांतपणे विचारलेल्या शंभर-दोनशे मुलाखतींतून कोणत्या जाळ्यात, कोणत्या महिन्यांत, कोणत्या प्रजाती अडकतात याचे ढोबळ चित्र उभे राहते, आणि त्याला होडीही लागत नाही. उत्तरांची पारख करण्यासाठी त्या समुद्रात मुळीच नसलेल्या एका प्राण्याचे चित्र पत्रकांत घालण्याची युक्ती मला फार आवडते : तोही ‘नेहमी दिसतो’ असे उत्तर आले, तर त्या मुलाखतीचे वजन कमी धरायचे. प्राणी संरक्षित असल्यामुळे मच्छीमाराला शिक्षेची भीती असते. त्याचे नाव न लिहिण्याचा शब्द पाळला नाही, तर त्या बंदराची दारे पुढच्या सगळ्या संशोधकांना बंद होतात. हे काम करणाऱ्यांना अनुदान देताना यंत्रांच्या यादीपेक्षा त्यांचा बंदरावरचा वावर पाहावा.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अटलांटिक हंपबॅक डॉल्फिनसारख्या प्रजातीसाठी तर हा मार्ग अटळ आहे. ही प्रजाती अतिसंकटग्रस्त असून तिची एकूण संख्या ३,००० पेक्षा कमी असावी असे मानले जाते, आणि ती पश्चिम सहारापासून अंगोलापर्यंत अनेक देशांच्या उथळ पाण्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे. अशा ठिकाणी एका मोठ्या मोहिमेपेक्षा दहा देशांतील दहा स्थानिक चमूंना दिलेली दहा छोटी अनुदाने अधिक माहिती आणतील, असे मला वाटते.

किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यांचा अभ्यास हाही स्वस्त आणि मोलाचा आहे. मोजपट्टी, धारदार सुऱ्या, हातमोजे, नमुन्यांच्या कुप्या, इथेनॉल आणि फोन उचलणारा माणूस एवढी तयारी पुरते. मृतदेहाची अवस्था एका ठरलेल्या श्रेणीत नोंदवतात, ज्यात ताज्या मृतदेहाचा आकडा २ आणि केवळ सांगाडा किंवा वाळलेले कातडे उरले तर ५. श्रेणी २ वरून ४ वर जायला उष्ण हवेत दोन दिवसही लागत नाहीत. वर्षातून एकदा अर्ज मागवणारी अनुदाने या कामाला बसत नाहीत, कारण देवमासा कोणत्या दिवशी किनाऱ्याला लागणार हे अर्जात लिहिता येत नाही. काही रक्कम आधीच देऊन ती घटना घडेपर्यंत राखून ठेवू देणे हा साधा उपाय आहे, परंतु ‘अखर्चित शिल्लक’ हा शब्द पाहिला की लेखापाल अस्वस्थ होतात.

छोट्या अनुदानातून काय करू नये, हेही थोडक्यात सांगतो. प्राण्यांचा माग काढणारी, उपग्रहाशी जोडलेली यंत्रे (टॅग) त्यांना लावू नयेत. यंत्र, उपग्रह सेवेचे शुल्क आणि ती लावण्यासाठी लागणारे प्रशिक्षित हात यांचा खर्च दोन-तीन प्राण्यांतच रक्कम संपवतो, आणि दोन प्राण्यांवरून गटाबद्दल बोलता येत नाही. त्वचेचे नमुने घेऊन दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेत पाठवण्याची योजनाही बारा महिन्यांच्या करारात आखू नये. सर्व सिटेशियन्स साइट्स कराराच्या (वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे नखाएवढा तुकडाही सीमेपलीकडे न्यायला परवाना लागतो, आणि पहिल्या परिशिष्टातील प्रजातींसाठी पाठवणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन्ही देशांचा. मी पाहिलेल्या अशा तीन प्रकल्पांत अनुदानाची मुदत आधी संपली आणि परवाना नंतर आला.

आणि काही ठिकाणी पैशाचा, लहान काय आणि मोठा काय, उपयोग माहिती मिळवण्यापलीकडे जात नाही. कॅलिफोर्नियाच्या आखातातील वाकिटा या पॉरपॉइजची संख्या १९९७ मध्ये सुमारे ५६७ मोजली गेली होती. २०१५ पर्यंत ती ६० च्या आत आली आणि आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्राणी उरले आहेत. तिथे मोजणी उत्तम झाली, जाळी मात्र पाण्यातून निघाली नाहीत. यांग्त्से नदीतील बैजी डॉल्फिनसाठी २००६ मध्ये सहा आठवड्यांची पाहणी झाली तेव्हा एकही प्राणी सापडला नाही. अनुदान समित्यांनी ‘संवर्धनावरील परिणाम’ या रकान्यात संशोधकाकडून जे वदवून घ्यायचे असते, ते या दोन नावांकडे पाहून थोडे आवरते घ्यावे.

देणाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिल्या अनुदानाचा अहवाल समाधानकारक असेल, तर नवा अर्ज न मागता दुसऱ्या वर्षी निम्मी रक्कम आपोआप द्यावी. हंगामाच्या किमान आठ आठवडे आधी सगळी रक्कम एकदम खात्यात यावी. आणि शेवटच्या अहवालात छायाचित्रांची यादी व भेटींच्या नोंदी खुल्या भांडारात जमा केल्याचा पुरावा मागावा, त्याच्या बदल्यात बाकी पानांवर पाणी सोडावे. अर्ज करणाऱ्यांना एवढेच सांगतो की रक्कम ठरवताना आधी समुद्राचे दिवस मोजा, त्यांत वाऱ्याचे दिवस मिळवा, आणि मग त्या रकमेला बसणारी संस्था शोधा; उलट क्रमाने केलेले अंदाजपत्रक वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

आमच्या यादीतील सातव्या क्रमांकाची मादी पहिल्याच अनुदानाच्या चौथ्या दिवशी भेटली होती. तिच्या पराच्या टोकाला दोन खाचा आहेत, एक खोल आणि एक उथळ. सहा वर्षांनी ती पुन्हा दिसली तेव्हा तिच्याबरोबर पिल्लू होते आणि उथळ खाचेची आता खोल खाच झाली होती. त्या वर्षी आमचे तिन्ही अर्ज नामंजूर झाले होते आणि होडी तांडेलाने उधारीवर दिली होती.